ब्रह्मगिरीची माती आणि समुद्राचे मीठ

धर्मग्रामाच्या महोत्सवी पुस्तिकेत मंदिराचा पाया कोणी घातला, पहिली मिस्सा कोठे झाली, घंटा कोठून आली इत्यादि हकीकत यावी, ही वाचकांची अपेक्षा रास्तच होय. आणि तो भाग ह्या पुस्तिकेत इतरांनी हाती घेतला आहे. आमच्याकडे इतिहासावर एक लेख मागण्यात आला, तेव्हा आम्ही जो विषय निवडला तो कोणासही प्रथमदर्शनी आडरानातला वाटेल. नदी समुद्रास मिळते तेथे भरती, गाळ व खारे पाणी ह्यांची जी झटापट चालते, तिचा हा इतिहास आहे. लासलगावच्या कांद्याच्या आवारात उभ्या असलेल्या मनुष्यास समुद्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचक करतील. त्यांस आमची एवढीच विनंती की, लेख संपेपर्यंत त्यांनी धीर धरावा.

आमच्या गावापासून दक्षिणेस सहासात कोसांवर, गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमाशी, नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. लासलगाव-विंचूरसह सोळा गावांच्या नळयोजनेस पाणी पुरते ते ह्याच जलाशयातून. ज्या पाण्याने येथील माता दाळ शिजवितात आणि ज्या पाण्यावर आशीर्वाद म्हणून आम्ही बालकांस बाप्तिस्मा देतो, ते गोदावरीचेच होय. ते येथे अडले नसते तर त्याने पैठण, नांदेड, राजमहेंद्री अशी मजल मारीत पूर्वसमुद्र गाठला असता. म्हणजे दूरच्या त्या समुद्रकाठच्या ताटात जे वाढले जावयाचे त्यातील काही घास आपण वरच्या पंगतीत उचलतो. असे उचलण्यात पाप आहे असे आमचे म्हणणे नाही; तहानलेल्याने पाणी प्यावे हे परमेश्वराच्याच इच्छेने आहे. परंतु पाण्याबरोबर दुसरेही काही उचलले जाते, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ते दुसरे म्हणजे माती.

प्रथम उगमाकडे वळू. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर जन्मते, आणि तरीही त्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच डोंगररांगेतून वैतरणा निघते. ती मात्र पश्चिमेचा घाट उतरते आणि दीडशे किलोमीटरांच्या आसपास धावून, वसईच्या उत्तरेस अर्नाळ्याजवळ समुद्रात शिरते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, परंतु त्याच्या एका थेंबाच्या नशिबी कोनासीमेची नारळीबने येतात, तर दुसऱ्याच्या नशिबी वसईच्या केळीच्या वाड्या. वसईचे आमचे काथलिक बांधव ह्या दुसऱ्या थेंबाच्या वाटेवर राहतात. त्यांतील कित्येक घराण्यांनी आपल्या ह्या घाटावरील मिशनास धर्मगुरू व धर्मभगिनी दिल्या आहेत. यास्तव दोन्ही थेंबांचा मागोवा घेणे आम्हांस उचित वाटते.

सेमिनरीत शिकलेल्या लातिन भाषेचा उपयोग मनुष्यास केव्हा होईल हे सांगता येत नाही. भरतीचे पाणी आत शिरते अशा नदीमुखास लातिनमध्ये ‘एस्तुआरियुम’ म्हणतात. त्याचे मूळ ‘एस्तुस’ ह्या शब्दात आहे, आणि ‘एस्तुस’ म्हणजे उकळी, खळबळ, भरती. मराठीत आपण नुसते ‘खाडी’ म्हणतो, परंतु तेथील पाणी खरोखरच उकळी आल्याप्रमाणे दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास सूर्य व चंद्र एका ओळीत ओढू लागतात तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकींस काटते, तेव्हा भांगाची मंद भरती असते. इंग्लंडमधील बेनेदिक्तिन मठवासी संत बीड ह्यांनी इसवी सन ७२५ मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी भरती व चंद्र ह्यांचा संबंध तर मांडलाच, शिवाय एकाच किनाऱ्यावरील निरनिराळ्या बंदरांत भरतीची वेळ निरनिराळी असते, हेही नमूद केले. चर्च आणि सृष्टिशास्त्र ह्यांचे जन्मवैर आहे असे मानणाऱ्यांनी हे पान एकदा उघडून पाहावे.

भरतीचे बळ सर्वत्र सारखे नसते. मुंबई-वसईकडे उधाणास पाणी चार-साडेचार मीटर चढते. गोदावरीच्या मुखाकडे काकीनाड्यास ते जेमतेम दीड मीटरच्या आसपास. म्हणून वसईकडील खाडी ही बहुतांशी समुद्राच्या हुकमतीखाली असते, तर गोदावरीच्या मुखी नदीचा शब्द पुष्कळ काळ चालत आला.

गोडे पाणी व खारे पाणी एकत्र आले म्हणजे ते तत्काळ मिसळते असे नव्हे. खारे पाणी जड असते. ते तळाशी पाचरीसारखे आत घुसते आणि गोडे पाणी त्याच्या पाठीवरून समुद्राकडे सरकते. कोळी लोकांस हे पूर्वापार ठाऊक आहे; होडीतून वरचे पाणी चाखले तर एक चव, खोल भांडे सोडून काढले तर दुसरी. ही पाचर किती दूर आत जाईल, हे एका बाजूस भरतीचा जोर व दुसऱ्या बाजूस नदीचा लोंढा ह्यांच्या झोंबीवर ठरते. पावसाळ्यात गोदावरी भरून आली की मीठ मुखाबाहेर हाकलले जाते. उन्हाळ्यात नदी रोडावली की तेच मीठ कित्येक कोस आत येऊन बसते.

गाळाचेही तसेच आहे. आपल्या काळ्या रानातील माती इतकी बारीक असते की, घागरीत ढवळून ठेवली तर दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहते. तिचे कण एकमेकांस दूर ढकलीत तरंगत असतात. परंतु खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच ही परस्परांची फारकत मिटते, कण एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात. म्हणूनच शेकडो कोस न थांबलेली माती समुद्राच्या उंबरठ्यावर येऊन थांबते आणि तेथे नवी भूमी तयार होते. जाड वाळूची कथा निराळी. ती तळाशी घरंगळत येते आणि लाटा तिला किनाऱ्याने पसरवितात, तिचे दांडे बांधतात. बारीक चिखल व जाड वाळू, ह्या दोहोंच्या सततच्या भरणीवरच नदीमुखाची जमीन समुद्रपातळीच्या चार बोटे वर टिकून असते. भरणी थांबली तर खालचा चिखल आपल्याच भाराने दबतो, खचतो, आणि समुद्र आपले मागून घेतो.

आता गंमत अशी की, प्राचीन काळी ह्या गाळाच्या नावाने सर्वत्र बोटेच मोडली जात. ह्याची दोन उदाहरणे देतो, एक पश्चिमेचे व एक पूर्वेचे.

पश्चिमेचे उदाहरण सोपाऱ्याचे. ग्रीक खलाशांच्या जुन्या प्रवासग्रंथात पैठण, कल्याण व सोपारा ही तिन्ही नावे आढळतात. दख्खनचा माल घाट उतरून सोपाऱ्यास जहाजांत चढत असे. येथेच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा व स्तूप उजेडात आणला. आणि येथेच आमच्या पवित्र धर्माच्या इतिहासातील एक अश्रुपूर्ण प्रसंग घडला. सन १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन बंधूंनी विश्वासास्तव प्राण दिले: तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व बंधू दिमेत्रियस. त्यांचे सोबती डॉमिनिकन फादर जॉर्डानुस हे त्या वेळी भडोचच्या वाटेवर होते. ते ही दुःखवार्ता ऐकून परतले आणि त्यांनी हुतात्म्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन तेथील ख्रिस्तमंदिरात पुरले. म्हणजे चौदाव्या शतकातही सोपाऱ्यास ख्रिस्ती लोकांचा राबता होता. ज्या खाडीच्या जिवावर हे शहर भरभराटले, ती पुढे गाळाने उथळ होत गेली. मोठी जहाजे येईनाशी झाली आणि बंदराचा मान वसईकडे गेला. आज नालासोपाऱ्यास आगगाडीतून उतरणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांस आपण एका बुजलेल्या बंदरावर चालत आहो, ह्याची कल्पना असेल?

पूर्वेचे उदाहरण कोरंगीचे. गोदावरीच्या गौतमी शाखेच्या मुखाजवळ वसलेले हे बंदर एके काळी जहाजबांधणीकरिता नावाजलेले होते. ता. २५ नोव्हेंबर १८३९ रोजी प्रचंड चक्रीवादळाने समुद्र गावावर चढविला आणि त्या बंदराची वाताहत झाली. परंतु वादळ हे एका दिवसाचे. गाळाचा वेढा वर्षानुवर्षांचा होता. नदीने आणलेल्या वाळूचा एक लांब दांडा, ज्यास होप बेट म्हणतात, गेल्या दोनशे वर्षांत काकीनाड्यापुढे समुद्रात वाढत गेला. कोरंगीचे पाणी उथळ झाले, व्यापार काकीनाड्यास गेला, आणि जेथे गलबते नांगरली जात तेथे आज तिवरांचे अरण्य आहे. सन १९७८ मध्ये त्यास अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. तिवराची मुळे चिखल धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात, मासळीच्या पिलांस आसरा देतात. बंदर गेले त्या जागी हे आले, हा सौदा तोट्याचाच होता असे आम्हांस वाटत नाही.

ही एवढी माती आली कोठून? ह्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी समुद्राच्या तळाशी नळ्या ठोकून शोधले. गोदावरीमुखासमोर बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाळाच्या थरांत असे दिसून आले की, सुमारे तीन-चार हजार वर्षांपासून दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती वाढत्या प्रमाणात खाली येऊ लागली. पाऊस उणावला, वने विरळ झाली आणि त्याच सुमारास शेती पसरली. तो शेतकरी कोण? संगमनेरजवळच्या जोर्वे गावी प्रवरेच्या काठी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या तांबड्या रंगाच्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून त्या संस्कृतीस जोर्वे संस्कृती असेच नाव पडले. इसवी सनापूर्वी चौदाशे ते सातशे ह्या काळात नेवासे, दायमाबाद, जोर्वे अशा ठिकाणी हे लोक धान्य पेरीत होते. त्यांच्या व त्यांच्या मागून आलेल्यांच्या शेतांतील जी माती प्रत्येक पावसाळ्यात निसटली, तिच्यातून आंध्रातील नदीमुखाची भातशेती उभी राहिली. कोनासीमेचा शेतकरी ज्या भुईवर नारळ लावतो तिच्यात नाशिक-नगरच्या रानांचा अंश आहे, हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे.

ह्या मातीच्या वाटेवर मनुष्याने पहिला मोठा अडसर घातला तो नदीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. सन १८३३ च्या सुमारास त्या मुलखात भयंकर दुष्काळ पडला होता. समोरून एवढी महानदी वाहते आणि काठची माणसे अन्नावाचून मरतात, हे दृश्य पाहून आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज अभियंत्याने राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम येथे बंधारा बांधण्याची योजना मांडली. सन १८४७ मध्ये काम सुरू होऊन १८५२ मध्ये ते पुरे झाले. चार भागांत, बेटाबेटांवरून गेलेला हा बंधारा साडेतीन किलोमीटरांहून अधिक लांब होता. त्यापासून निघालेल्या कालव्यांनी दुष्काळी मुलूख भाताचे कोठार झाला. तेथील हिंदू शेतकरी आजही कॉटनच्या पुतळ्यास हार घालतात, आणि ह्या कृतज्ञतेचे आम्हांस अतिशय कौतुक वाटते. जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९७० ते १९८२ ह्या काळात नवे बांधकाम झाले आणि त्यासही कॉटनचेच नाव दिले गेले. कॉटनचा मूळ बंधारा ठेंगणा होता; पुराचे पाणी आपल्या मातीसकट त्यावरून ओसंडून जाई. समुद्राकडे माती जाण्याचे त्याने थांबविले नाही. उन्हाळ्यातील गोडे पाणी मात्र कालव्यांत वळले आणि खालच्या गौतमी व वसिष्ठा ह्या शाखा तहानल्या. मिठाच्या पाचरीस तेव्हापासून दार थोडे किलकिले झाले.

मातीस खरा अटकाव झाला तो विसाव्या शतकात, आणि त्याचा आरंभ आपल्याच तालुक्यात झाला. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा १९११ च्या सुमारास पुरा झाला. वरच्या बाजूस दारणा धरण १९१६ मध्ये आले. येथून निघालेले डावा व उजवा असे दोन कालवे कोपरगाव-राहाता ह्या कोरड्या मुलखात ऊस व गहू घेऊन गेले. त्या कालव्यांच्या काठी आमची कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबे स्थिरावली, त्यांच्या मुलांच्या शाळा झाल्या, मंदिरे झाली. म्हणून ह्या बंधाऱ्याविषयी कृतघ्नपणाचा एकही शब्द आम्ही काढणार नाही. परंतु संथ पाण्यात माती खाली बसते, हा सृष्टीचा नियम बंधारा बांधणाऱ्याच्या पुण्याईने बदलत नाही. गोदावरी व कादवा ह्या दोहोंची माती शंभर वर्षे येथे बसत राहिली. जलाशय उथळ झाला, पाणथळ झाला, बेटे झाली, वेत-लव्हाळे माजले आणि त्यावर परदेशचे पक्षी उतरू लागले. सन १९८६ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असे त्याचे कौतुक होते, आणि २०२० मध्ये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. हे वैभव गाळाचे आहे. त्याच गाळाची दुसरी बाजू चांदोरी-सायखेड्याच्या लोकांस विचारावी. सन २०१६ व २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांच्या घरांत नदी शिरली. जलाशय गाळाने भरल्यामुळे पुराचे पाणी मागे तुंबते, अशी त्यांची जुनी तक्रार आहे.

पुढे पैठणास जायकवाडीचे धरण झाले. पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागर नावाप्रमाणेच सागर आहे. त्यात शिरलेली गढूळ गोदावरी निवळून बाहेर पडते. त्याखाली विष्णुपुरी, तेलंगणातील श्रीरामसागर, शिवाय उपनद्यांवरील लहानमोठी शेकडो धरणे. प्रत्येक ठिकाणी पाणी थबकते, प्रत्येक ठिकाणी थोडी माती खाली बसते.

परिणाम आकड्यांत पाहू. आंध्र विश्वविद्यालयातील भूगोलाच्या अभ्यासकांनी २००४ साली जे प्रसिद्ध केले त्यावरून, १९७० च्या दशकात गोदावरी आपल्या मुखाकडे वर्षास सुमारे १५ कोटी टन तरंगता गाळ नेत असे. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला. आणि १९७६ ते २००१ ह्या पंचवीस वर्षांत तेथील किनाऱ्याने जेवढी जमीन मिळविली त्याहून सुमारे अठराशे हेक्टर अधिक जमीन गमावली. हजारो वर्षे समुद्रात पुढे सरकत आलेली भूमी मागे हटू लागली. शिवाय गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगभर समुद्राची पातळीच सुमारे वीस सेंटिमीटर वाढली आहे. समुद्रापासून हाताच्या बोटांवर उंची मोजावी अशा मुलखास हे थोडके नव्हे. तेथील सर्वच खारटपणा ह्या नव्या कारणांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. पुरातन समुद्र मागे हटताना मातीच्या थरांत अडकलेले मीठही तेथील भूमीत आहे, आणि अलीकडच्या कोळंबीच्या तलावांनी खारे पाणी आपणहून शेताशेजारी आणून ठेविले आहे. दोष वाटून घ्यावयाचा तर वाटेकरी पुष्कळ निघतील.

आता वैतरणेच्या थेंबाकडे परतू. तिचे हाल निराळ्या प्रकारचे झाले. मुंबईची तहान भागविण्यासाठी तिच्या खोऱ्यात १८९२ मध्ये तानसा तलाव, १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण झाले. ह्यांतील ऊर्ध्व वैतरणा तर आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात आहे. डोंगराचे पाणी मोठमोठ्या नळांतून महानगरास गेले. खालच्या खाडीत वाळूचा इतका उपसा झाला की, रेल्वेच्या पुलांच्या पायांस धोका पोहोचतो म्हणून ओरड करावी लागली.

वसईच्या विहिरींची कथा मात्र केवळ नदीची नव्हे, भूमीच्या पोटाची आहे. समुद्रकाठच्या जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. हॉलंडमधील बादोन घायबेन व जर्मनीतील हेर्झबर्ग ह्या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे हिशेब मांडला. त्यावरून समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी साठलेले असेल तर त्याच्या भाराने खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत मीठ दूर राहते. हे ऐकावयास सुखाचे आहे. परंतु हिशेब उलटाही चालतो. वरचे एक हात पाणी उपसले की खालून मीठ चाळीस हात वर येऊ पाहते. वसईच्या पूर्वजांनी हा हिशेब कागदावर मांडला नव्हता, तरी त्यांस तो उमजला होता. वाडीवाडीत त्यांनी बावखले खणून ठेविली. पावसाचे पाणी त्यांत साठे, मुरे, आणि रहाटाने हळूहळू उपसले जाई. रहाट थकतो, बैल थकतो. पंप थकत नाही. बावखले बुजवून इमारती झाल्या, पंप बसले, आणि टँकर भरभरून वाड्यांचे पाणी शहराकडे विकले जाऊ लागले. कित्येक विहिरी मचूळ झाल्या. तेव्हा, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने जे आंदोलन उभे राहिले त्याच्या अग्रभागी एक काथलिक धर्मगुरू होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. धर्मगुरूने विहिरीच्या पाण्यात कशास लक्ष घालावे, असे त्या काळी म्हणणारेही होते. याकोबाच्या विहिरीवर पाणी मागणाऱ्या प्रभूचा सेवक दुसरे काय करील, हे त्यांस कोणी विचारले नाही.

आमचे मत विचाराल तर ते असे. पाण्याच्या वाटणीसाठी आपण प्राणपणाने भांडतो. गोदावरीच्या पाण्यावर राज्याराज्यांत तंटा झाला, त्याचा निवाडा न्यायाधिकरणाने १९८० मध्ये दिला. २००५ च्या कायद्यानंतर नाशिक-नगरने जायकवाडीस किती सोडावे ह्यावरून घराघरांत वाद झाले. ह्या भांडणांत आपण कधी वरचे असतो, कधी खालचे, आणि जागा पाहून आपला न्याय बदलतो. परंतु गाळाच्या वाटणीसाठी भांडणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. धरणाचा गाळ हा सर्वांस केरासारखा वाटतो. वस्तुतः तो वरच्या शेतकऱ्याची गेलेली माती आहे आणि खालच्या शेतकऱ्याची न पोहोचलेली. सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली; तलावाचा कोरडा पडलेला गाळ शेतकऱ्याने आपल्या रानात नेऊन टाकावा, हा तिचा सारांश. उथळ मुरमाड रानास हे वरदान आहे, आणि ज्याच्या बांधावरून ती माती वाहून गेली त्याच्याकडेच ती परत येते, यात एक प्रकारचा न्यायही आहे. नांदूरमध्यमेश्वरास मात्र हे सरसकट लागू करता येणार नाही. तेथे गाळ उपसावा तर पाखरांचे घर मोडते, न उपसावा तर माणसांचे बुडते. हा पेच सुटेल तो तालुक्यातल्या शहाण्या माणसांनी एकत्र बसून, कोठे उपसावे व कोठे हात लावू नये ह्याचा नकाशा आखल्यानेच. समुद्रापर्यंत माती पोहोचविणे हे त्याहून कठीण काम आहे. पुराच्या पहिल्या गढूळ लोंढ्यास दारे उघडून वाट देण्याचा उपाय इतर देशांत काही धरणांवर योजतात, तो आपल्या अभियंत्यांनी विचारात घ्यावा असे आम्हांस वाटते. मात्र पहिले पाणी साठविण्याची ज्यास घाई आहे त्या दुष्काळी मुलखास हे पटविणे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो.

पवित्र शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाचा सत्तेचाळिसावा अध्याय वाचकांनी पाहावा. मंदिराच्या उंबरठ्याखालून झरा निघतो, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत वाढत जातो आणि खाऱ्या समुद्रास मिळून तेथील पाणी गोड करितो. मासळी फुलते, कोळी जाळी वाळत घालतात. पाश्चाकाळात हा दृष्टान्त आपण ऐकतो, आणि बहुधा तेवढ्यावर थांबतो. पुढेच एक वाक्य आहे, त्याकडे आमचे लक्ष ह्या लेखाच्या निमित्ताने गेले. समुद्र गोड झाला तरी त्याच्या काठची दलदल व चिखलटाणे मात्र खारीच राहतील, ती मिठासाठी राखलेली आहेत, असा त्याचा आशय आहे. संदेष्ट्यास नदीमुख ठाऊक होते. गोड्याने खाऱ्यास गिळून टाकावे असे त्याने सांगितले नाही. खाऱ्याची जागा त्याने खाऱ्यास ठेविली. कोरंगीच्या तिवरांस ती जागा हवीच असते. भय आहे ते मीठ आपली सीमा ओलांडून भाताच्या मुळाशी व विहिरीच्या तळाशी येते ह्याचे.

गोदावरीच्या मुखाशी, गौतमीच्या काठी, यानम नावाचे गाव आहे. ते १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होते, आणि त्यांच्या अमलात एकोणिसाव्या शतकात बांधलेले संत आन्नेचे काथलिक मंदिर तेथे उभे आहे. संत योवाकीम व संत आन्ना ह्यांचा सण २६ जुलैस येतो. त्या दिवसांत घाटावर पाऊस लागलेला असतो, नदीस पूर असतो आणि यानमच्या घाटाशी पाणी तांबूस व गोडे असते. प्रायश्चित्तकाळ येईपर्यंत पूर ओसरून नदी रोडावते, आणि त्याच घाटाशी भरतीचे खारे पाणी चढू लागते.